दिल्या, पोंक आधी तूच खाल्लास!

प्रिय दिल्या,

आम्ही सुरतला जाऊन आलो! हो, तुझ्याशिवाय. रागाव, शिव्या दे, काय करायचं ते कर, पण आधी ऐक. आज सोमवार, दुकान उघडलंय, झेरॉक्स मशीन अजून गरमसुद्धा झालेलं नाही आणि मी बिघडलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर तुला लिहीत बसलेय. कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही. पण आत्ताच तुझ्या घरून, काकीकडून आले, आणि तिथे जे झालं ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या हातून एक काम होणार नाही.

किती हिवाळे आम्हाला पिळलंस रे त्या सुरतवरून! डहाणूच्या वाडीतले चिकू घेऊन तू एकदाच टेम्पोवर गेलास. मंडईत क्रेट उतरवले आणि तसाच मागे आलास. वाटेत तापीच्या काठी पोंकाचे स्टॉल दिसले, ड्रायव्हरने गाडी थांबवली नाही, एवढंच तुझं सुरतदर्शन! आणि बाता काय मारायचास! "जयू, कोवळ्या ज्वारीचा हुरडा असतो तो, हिरवागार, वर लिंबू-मिरीची शेव, खाल्लास तर वेडी होशील." अरे, पण तू स्वतः तरी खाल्ला होतास का? वास घेऊन आला होतास नुसता!

दर वर्षी "या थंडीत नक्की." मग कधी झोडणी राहिली, कधी कुणाचं लगीन निघालं, कधी किसनच्या इको गाडीने मान टाकली. आणि या श्रावणात साध्या तापाचं निमित्त झालं आणि तूच गेलास. असं करतात का रे? मला अजून तुझा राग येतो, सांगून ठेवते.

तुझ्यामागे आम्हा तिघांचं भेटणंच बंद झालं होतं. मी उधव्यात, संगीता कासाला दवाखान्यात ड्युटीवर, किसन दिवसभर तलासरीच्या स्टँडवर भाडी मारतोय. भेटलो की चौथी खुर्ची दिसायची, म्हणून भेटायचोच नाही. शेवटी किसनच गेल्या आठवड्यात दुकानात येऊन ओरडला, "शनिवारी निघायचं! आता नाही गेलो तर कधीच नाही."

मला खरी काळजी काकीची होती. तुला ठाऊक आहे का, तुझ्या आईने यंदाचा नवा भात तोंडात घातलेला नाही? माझ्या बाबांनी आणि किसनने तुमचं शेत कापलं, झोडलं, कणगी भरून दिली. पण नवं खायचं म्हणजे पानावर आधी गेलेल्या माणसांना वाढायचं, एकेकाचं नाव घ्यायचं. तुझ्या आज्याचं, आजीचं, काकांचं म्हणजे तुझ्या बाबांचं, आणि आता शेवटी तुझं. ते नाव काही तिच्या तोंडून निघेना. दिवाळी गेली, सगळ्या पाड्याने नवं केलं, आणि ही आपली रेशनचा तांदूळ शिजवून खातेय. माझ्या आईने समजावलं, मी समजावलं. "करू गं, काय घाई आहे," एवढंच. वाळून काटकी झाली होती.

सुरतचं तिला सांगायलाही भीती वाटत होती. पण ती म्हणाली, "जा. त्याचं राहिलंय, बघून या."

मग काय! शनिवारी सकाळी निघालो. किसनने इको धुऊन अशी चकाचक केली होती की संगीता म्हणाली, "कुणाला मुलगी बघायला नेतोयस?" तो लाजला! मला संशय आहे, पण ते परत कधीतरी. हायवेला लागलो आणि जे गाणं सुरू झालं ते वापी गेली तरी थांबेना. तुझी ती खिडकीची जागा आम्ही मोकळीच ठेवली होती, पण वलसाड येईपर्यंत संगीताने तिथे पिशव्या कोंबल्या. म्हणे, "तो असता तरी माझ्या पिशव्या मांडीवरच घेऊन बसला असता." खरंच की! आम्ही पहिल्यांदाच तुझ्या नावाने हसलो. बरं वाटलं रे.

सुरतमध्ये शिरल्यावर किसनची पुरती भंबेरी उडाली. एवढे पूल! एकावरून चढलो तर उतरलो भलतीकडेच. तिथल्या उधन्याला संगीताच्या मावशीकडे उतरायचं होतं, आम्ही दोनदा तापी ओलांडली. किसन रस्ता विचारतोय मराठीत, समोरचा सांगतोय गुजरातीत, दोघंही मान डोलावतायत, आणि गाडी पुन्हा त्याच पुलावर! मावशीने लोचो खायला घातला, रात्री घारी. कापडाच्या मार्केटात संगीताने इतक्या साड्या उलगडायला लावल्या की मीच दुकानदाराची माफी मागितली.

आणि रविवारी पोंक! तापीकाठी मांडव टाकलेले, मोठमोठ्या पराती भरून हिरवे दाणे, बाजूला शेवेचे डोंगर, लसणीच्या चटणीचा वास. अगदी तू सांगायचास तस्संच! मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मांडवातली बाई म्हणाली, "ताजो पोंक छे बेन, चाखो तो खरा!" किसनने मागेपुढे न पाहता मूठभर तोंडात टाकला.

आणि मी बोलून गेले, "अरे, नवं आहे ना हे?"

झालं! किसन तसाच थिजला. गाल फुगलेले, डोळे बाहेर. थुंकवेना आणि गिळवेनाही. संगीता म्हणाली, "अगं, ज्वारी आपण पिकवतो कुठे? नवं आपल्या शेतातलं असतं." मी म्हटलं, "या वर्षीचा दाणा आहे, पहिल्यांदा खातोय, मग नवंच." ती म्हणाली, "भात तर खाल्ला ना तू?" मी म्हटलं, "खाल्ला, पण माझ्या घरच्यांना वाढून. दिल्याला कुणी वाढलंय?" बोलले आणि मलाच कसंतरी झालं. किसन तोंड बंद ठेवून जोरजोरात मान हलवतोय. ती बाई बिचारी विचारतेय, पोंक खराब लागला का!

पान पाहिजे होतं. बाईने कागदाची डिश दिली, किसनने हातानेच नको म्हटलं. एवढ्या मोठ्या सुरतमध्ये पळस कुठे शोधायचा? शेवटी काठावरच्या बदामाच्या झाडाचं एक पान तोडलं, पुसलं, त्यावर पोंक ठेवला, वर तुझी ती शेव. तिघं कठड्याशी उभे. येणारे-जाणारे बघतायत. आता नावं घ्यायची कुणी? किसनचं तोंड भरलेलं! संगीताने रुमाल डोळ्यांना लावलेला. राहिले मी.

तुझ्या आज्याचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, काकांचं घेतलं. मग तुझी पाळी. मला तुझा इतका राग आला दिल्या, की तू त्या रांगेत का बसलास! आणि मग मी मोठ्याने म्हटलं, "दिलीप, ये. खा."

बस. म्हणून टाकलं. आणि रडले, भर रस्त्यात, भोकाड पसरून. किसनने गिळलं आणि तोही रडायला लागला. तेवढ्यात कुठून एक तांबडं कुत्रं आलं, आधी वरची शेव चाटली, मग दाणे, आणि पान उलटं करून निघून गेलं. किसन नाक पुसत म्हणाला, "दिल्याच तो. शेव आधी खाल्ली." आम्ही हसून हसून कठड्यावर वाकलो. मग आम्ही तिघांनी किती पोंक खाल्ला ते विचारू नकोस. तू खोटं सांगत नव्हतास रे!

काकीसाठी बांधून आणला. आज सकाळी दुकानाच्या आधी तिच्याकडे गेले, पुडी समोर ठेवली. तिने उघडली, दाणे हातात घेऊन बघितले. म्हणाली, "नवं आहे पोरी. आधी ठेवलंत ना?"

"ठेवलं काकी."

"नावं कोणी घेतली?"

"मी घेतली."

"कुठवर?"

म्हटलं, "शेवटपर्यंत, काकी. दिल्याचंही घेतलं."

तिने हातातले दाणे पुडीत सारखे केले. म्हणाली, "मला वाटायचं, मी नाव घेतलं की तो गेलाच. आणि नाही घेतलं तर तो तिकडे उपाशी. मग मी एकटीने कसं खायचं?" मग विचारलं, "खाल्लंन त्याने?"

"शेवेसकट," मी म्हटलं.

आणि काकी हसली, दिल्या! पदराने डोळे पुसत हसली आणि चिमूटभर पोंक तोंडात टाकला. मग उठली, कणगीतून नवं भात काढून सुपात घेतलं आणि म्हणाली, "जा, आईला सांग, दुपारी सगळी इकडेच जेवायला. किसनलाही फोन कर." मी निघाले तेव्हा उखळात मुसळाचे घाव पडत होते. तो आवाज ऐकून माझी आई धावत अंगणात आली.

आता दुकान बंद करून तिकडेच जातेय. काकी नाव घेताना अडखळली, तर मी शेजारीच बसलेली असेन. दरसाल बसेन, वचन देते. आणि थंडी पडली की सुरत, चुकायचं नाही. पहिली मूठ तुझी. किसनच्या तोंडावर तोवर मी हात ठेवीन.

चल, आज तुझ्या आईच्या हातचा नवा भात आहे. वेळेवर ये, आमच्या आधी.

तुझी भांडखोर,
जयू