शिपायाच्या खांद्यातला रंग

अहो,

आज शेजारी महालक्ष्म्या आल्या. ताटं वाजवत, "आल्या, आल्या" करत बाया अंगणातून आत गेल्या, अन् मी आपल्या खिडकीत उभी राहून ऐकत होते. तुम्ही फाल्गुनात गेलात, म्हणून यंदा आपल्या घरी सण न्हाई. पोरगा पुण्याहून फोनवर म्हणतो, "आई, वेळेवर जेव." एकटीसाठी काय करायचं हो? वरणभात लावला, अन् तुमच्या शिपायांचा डबा काढला. चार वर्षं जे तोंडातून निघालं न्हाई, ते आज लिहायला बसले.

नांदेडात घड्याळं दुरुस्त करणारे लई असतील, पण महालक्ष्म्यांपुढच्या आराशीसाठी दोन बोटं उंचीचे लाकडी शिपाई कोरणारे तुम्ही एकलेच! छाती काढून, भाला धरून उभे. बाया महालक्ष्म्यांच्या आधी त्यांनाच बघायच्या.

जिद माझीच होती. "ह्यांचे हात हलले पाहिजेत. देवी दारातून आत आली की मुजरा करतील. जन्मभर भालाच धरायचा का बिचाऱ्यांनी?"

"अगं, एवढ्याशा शिपायाला सांधा दिला की सांधाच दिसतो, शिपाई दिसत न्हाई. अन् ढिला पडला की हात लोंबतो. मोठ्या बाहुलीला ठीक हाय."

"दिवसभर लोकांची घड्याळं चालू करता, अन् घरच्या शिपायाचा हात हलवता येत न्हाई?"

किती टोचून बोलले मी! पण त्या श्रावणात डोळ्याला भिंग लावून चार शिपाई केलेत, घड्याळाच्या पट्ट्याच्या पिना खांद्यात घालून. हात वर केला की वरच राहायचा. तुम्ही दहादा वर-खाली केलात अन् पोरासारखे हसलात. इतकं खूश मी तुम्हाला आपल्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं!

मग मी काय केलं? तुम्ही दुकानात गेल्यावर दाराचा उरलेला हिरवा ऑइलपेंट त्यांना फासला. म्हटलं, नुसतं लाकूड कसं दिसतंय, जरा शोभा येऊ द्या. खांद्यात रंग वाळला, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई.

महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी बायांसमोर मी ऐटीत म्हणाले, "बघा, आमचे शिपाई मुजरा करतात." हात उचलायला गेले तर हलेना. जरा जोर लावला अन् कट्कन मोडला. जाऊबाई हसल्या, "घड्याळवाल्याचं घड्याळ बंद पडलं की!" सगळ्या हसल्या. अन् मी? इज्जत वाचवायला मी म्हणाले, "यांचं कामच असलं कच्चं."

तुम्ही दारात पेढ्यांचं ताट घेऊन उभे होतात. मोडलेला हात माझ्या बोटांत होता, त्यावरचा हिरवा रंग तुम्हाला दिसला होता. मग का न्हाई बोललात? "रंग कुणी दिला?" एवढं विचारायचं होतं, मी चारचौघींत मान खाली घातली असती! तुम्ही ताट फिरवलंत, जाऊबाईंना दोन पेढे जास्तच दिलेत. अन् त्यानंतर लाकडाला कधी चाकू लावला न्हाई. मी विचारलं तर म्हणायचात, "आता डोळे साथ देत न्हाईत." मीही ते खरं मानलं, कारण मानणं सोयीचं होतं.

आज दुपारी उरलेल्या तिघांच्या खांद्यातला रंग सुईनं खरवडला. थेंब थेंब खोबरेल सोडलं. पहिल्याचा हात हलला हो! वर केला, तर वरच राहिला. ढिला न्हाई, लोंबत न्हाई. सांधा पार शाबूत होता. मी "अहो, बघा बघा" म्हणत तुमच्या खोलीपर्यंत गेले. दारात आल्यावर कळलं, घरात कुणीच न्हाई.

तुम्ही होतात तेव्हा रोज समोर जेवायला बसत होतात. तेव्हा नव्हतं का मला सांगता येत?

आता कबूल करते. पुढच्या साली महालक्ष्म्या आपल्याच घरी बसवीन. बाया येतील, एकमेकींना हळदीकुंकू लावतील, मला कुणी लावणार न्हाई. तरी मी कोपऱ्यात बसणार न्हाई. मधोमध उभी राहीन अन् जाऊबाईंसकट सगळ्यांना सांगीन, की ह्यांचं काम कच्चं नव्हतं, मी खोटं बोलले.

तुमची,
सुमन