गावकीची भांडी

आये, तुझ्या नातवाचं लग्न झालं. हळद अंगणात, घरच्या चार माणसांत उरकली आणि रिसेप्शन पेणच्या हॉलमध्ये केलं. जेवण केटररचं होतं. ऐकून तू कपाळावर हात मारला असतास. गावातल्या एकाही लग्नात तुझ्याशिवाय भाकऱ्यांची चूल पेटली नाही. पण आपलं घर आता वाळीत आहे. सरपंचाच्या निवडणुकीत गावकीनं माणूस ठरवला होता, त्याच्यासमोर मी अर्ज भरला. तेव्हापासून आमच्याशी बोलेल त्याला दंड. भाकऱ्या थापायला कोण येणार?

केटरर रोह्याचा, व्याह्यांनी सुचवलेला. तुझी सून आणि मी त्याच्या दुकानात बसलो. माणूस बोलका. तांदळाच्या भाकऱ्यांना धाटावच्या बायका आणतो म्हणाला, मटणाचा मसाला मात्र घरचा द्या म्हणाला. मग सहज विचारलं, "मोठे टोप गावकीचे मिळतील ना? माझा टेम्पो वाचंल." मी म्हटलं, "नाय. भांडी तुमचीच आना." त्याचा पेन थांबला. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. खाली बघत म्हणाला, "मग गावाची ताटं नको ना धरू?" मी तोंड उघडायच्या आत तुझी सून म्हणाली, "धरा. सगला गाव धरा." परतताना एसटीत मी तिच्यावर चिडलो. ती म्हणाली, "एक तरी येल." मलाही तेच वाटत होतं, म्हणून तर चिडलो. पत्रिका मीच घरोघर दारात ठेवून आलो होतो.

रिसेप्शनला रोह्याचे पाहुणे आले, डोलवीच्या कंपनीतली माझ्या शिफ्टची माणसं आली, पोटभर जेवली. गावासाठी मांडलेल्या टेबलांवर कुणी बसलं नाही. मी गेटवर जाऊन उभा राहिलो आणि माझ्या पोरवयातला तो दिवस आठवला. माझ्या दोस्ताचं घर वाळीत आहे, त्याच्या बहिणीचं लग्न आहे. मी नवा शर्ट घालून निघतोय आणि तू दंड धरून मला मागे ओढतेस. "कुठं निंगालास? गाव जाईल तिथं आपुन. गप बस." त्यांच्या बायकांनी कसाबसा भात रांधला, करपल्याचा वास आपल्या ओटीपर्यंत आला. तू तोंड फिरवून बसलीस. रात्री जेवली मात्र नाहीस.

आये, तोच दोस्त आला. रस्त्यापलीकडे मोटरसायकल थांबवून उभा राहिला. हेल्मेट काढलं नाही, पण त्याचं उभं राहणं मी ओळखतो. हाक मारावीशी फार वाटली. मारली नाही. कुणी पाहिलं असतं तर त्याच्या घरावर पुन्हा तीच पाळी. थोडा वेळ थांबला आणि गेला. मी आत गेलो. केटररनं उरलेल्या भाकऱ्यांचं काय करू विचारलं, त्या धाटावच्या बायका घेऊन गेल्या. तुझ्या सुनेनं त्यांना फडकी बांधून दिली आणि मग हॉलच्या मोरीत जाऊन रडली.

खरं तर तुला जाब विचारायला हे लिहायला घेतलं. मला का ओढलंस, असं. हा कागद आता तुझ्या मसाल्याच्या डब्याखाली जाईल, तिथंच राहील. तुझ्याशी भांडायला तोंडच नाही मला. त्याच्या जागी मी असतो, तर रस्त्यापलीकडेसुद्धा आलो नसतो.