अण्णा, तुमच्या नावाची झाडं धारेवर नकोत

प्रिय अण्णा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. सोलापुरात हॉस्टेलवर होते तेव्हाही फोनच करायचे, आणि तुम्ही "जेवलीस का?" एवढं विचारून फोन आईकडे द्यायचात. आज लिहायला बसले, कारण मला राग आलाय आणि तो ऐकून घ्यायला घरात तुम्ही नाही.

येत्या रविवारी तुमचं वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी धारेवर तुमच्या नावानं झाडं लावायचं गावानं ठरवलंय. आपल्या गावामागच्या त्याच लांब, उघड्या डोंगरधारेवर, जिच्यावर तुम्ही वनमजूर म्हणून सगळी उमर काढलीत. फलकही तयार आहे. सरपंच बापूंनी मला तो मोबाइलवर दाखवला. तुमच्या ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून घातलाय, शेजारी तुमचं पूर्ण नाव, 'स्मृतिवन', आणि खाली ओळ: 'चला, ओसाड डोंगर हिरवा करू या.'

ओसाड. म्हणजे तुम्ही इतकी वर्षं उन्हातान्हात काय राखत होतात, अण्णा? काही नाहीच ते?

मी सहावीत असेन. सुट्टीत तुमच्याबरोबर धारेवर यायचा हट्ट धरला होता. तुम्ही पुढं, मी मागं. "वर बघून चालू नगं, खाली बघ," म्हणालात. मला खाली मुरूम आणि वाळकं गवत सोडून काही दिसेना. तुम्ही काठीनं दाखवलंत तेव्हा दिसली, मुरमाच्याच रंगाची चार अंडी, उघड्यावर. माळटिटवीची. मग तुम्ही बोराटीची एक काटेरी फांदी तोडून पायवाटेवर आडवी टाकलीत आणि जरा बाजूनं नवी वाट पाडलीत, पायानं गवत दाबत. गुराखी आले, शिव्या देत का होईना, पण बाजूनं गेले. पिल्लं निघून गेल्यावर तुम्ही फांदी उचललीत. धारेवरची वाट दर उन्हाळ्यात अशी वाकडी व्हायची. साहेब लोकांना वाटायचं, गावच्या लोकांना सरळ चालता येत नाही.

त्याच दिवशी मी विचारलं होतं, लांडगा आला तर? तुम्ही म्हणालात, "गवत हाय तवर ससा हाय. ससा हाय तवर लांडगा हितं वर ऱ्हातो. गवत गेलं की तो खाली आपल्या शेळ्यात येतोय." पुढं बी.एस्सी.ला एक अख्खं प्रकरण वाचलं, तेव्हा त्यात याहून जास्त काही नव्हतं.

मंगळवारी मी शिकवते त्या कॉलेजातून रजा घेऊन आले आणि रशीदचाचांबरोबर वर गेले. तुमच्यानंतर आता धारेवर राखणीला तेच आहेत. सगळ्या पठारावर खड्ड्यांसाठी चुन्याच्या फक्कीचे पांढरे गोल मारून ठेवलेत, ओळीनं. एका गोलाजवळ टिटवी ओरडत आमच्याभोवती पळायला लागली. खाली वाकून बघितलं. फक्कीची रेघ एका अंड्यावरून गेली होती, अण्णा. मारणाऱ्याला अंडं दिसलंसुद्धा नव्हतं. रविवारी तिथं मशीन खड्डा काढणार, आणि तो तुमच्या नावाचा.

मी चाचांवर चिडले. म्हटलं, तुम्ही गप्प कसे बसलात?

चाचा पुढं झाले. मला धारेच्या दक्षिण टोकाला घेऊन गेले. तिथं आमच्या कॉलेजच्या शिबिरात लावलेली गिरिपुष्पाची झाडं आहेत, आता डोक्याच्या वर गेलेली. शिबिर आपल्या गावात मीच आणलं होतं, आठवतं? आमच्या ओसाड माळावर झाडं लावू या, असं भाषणही केलं होतं. हो, तो शब्द मीसुद्धा वापरला होता. तुम्ही गर्दीच्या मागं टोपी हातात घेऊन उभे होतात.

झाडांवर कावळे बसले होते. चाचा म्हणाले, "बेटा, हितं आदी चंडोलं लई असायची. आता एक घरटं टिकत न्हाय. कावळ्याला बसायला जागा झाली की, वरनं सगळं दिसतं त्याला."

मी विचारलं, मग ही जगली कशी? या खडकावर पाण्याशिवाय झाड धरत नाही.

"तुझ्या अण्णानं जगवली. दोन उन्हाळे खालनं कॅन भरून आणायचा खांद्यावर. मी म्हनलं, अरे येड्या, तुला ठावं हाय ह्यानं काय हुतंय, मग कशाला? तर म्हनला, पोरीनं लावल्यात."

अण्णा, हे काय केलंत? तुम्हाला माहीत होतं. आयुष्यभर राखलेलं गवत माझ्या एका भाषणापायी तुम्ही स्वतः पाणी घालून मारलंत. एकदा तरी सांगायचंत. "शिकलेली माणसं हायती, त्यास्नी ठावं असंल," हे तुम्ही साहेबांबद्दल म्हणायचात, तेव्हा मला हसू यायचं. माझ्याबद्दलही तेच म्हणत होतात का? घरातली पहिली पदवीधर म्हणून मला शिकवलंत ते काय मी चुकल्यावर गप्प राहण्यासाठी? तुमच्यावर एवढा राग मला कधी आला नव्हता.

संध्याकाळी आईला घेऊन ग्रामपंचायतीत गेले. म्हटलं, झाडांना माझा विरोध नाही. शाळेत लावा, ओढ्याच्या काठानं लावा. धारेवर नको.

बापू हसले. "सगळं जग म्हणतंय झाडं लावा, आन आमची बाई म्हणती गवत राखा. कॉलेजात हेच शिकवत्यात व्हय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "म्हशीला इचारा, ती बी हेच सांगंल." सगळे हसले.

"अण्णांनी गवतच राखलं," मी म्हटलं.

"आगं, साहेबांनी सांगितलं राख, त्यानं राखलं. त्याला काय कळत हुतं त्यातलं?"

तेव्हा मी माझ्या झाडांचं सांगितलं. शिबिर, भाषण, कावळे, तुमचे कॅन, सगळं. काहीच लपवलं नाही. हसणं थांबलं. बापूही जरा मऊ झाले. म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. पर एक सांग. त्या माणसाचं जल्मात कुटं नाव लागलं न्हाई. ना कुटल्या पाटीवर, ना कुटल्या भाषणात. आता लागतंय, तर पोटची पोरगी आडवी?"

बापूंचं हे मला लागलं, अण्णा. कारण तो फलक बघून पहिल्यांदा मलाही भरून आलं होतं. तुमचं पूर्ण नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत मी कधीच पाहिलं नव्हतं.

आई दाराशी बसली होती. रविवारी नारळ तिनं फोडायचा होता, त्यासाठी लुगडं काढून ठेवलं होतं. ती म्हणाली, "बापू, फोटो लई झ्याक आलाय. तो मला घरात लावायला द्या. डोंगरावर नगं."

नाव निघालं. पण झाडं निघाली नाहीत. बापू म्हणाले, मंजुरी आलीय, नावाशिवाय लावू. मी त्याच बैठकीतून वनअधिकाऱ्यांना फोन केला. नवीन आहेत, तरुण आहेत. म्हणाले, मशीन चढण्याआधी शुक्रवारी सकाळी स्वतः येऊन बघतो, त्यानंतर ठरवू. म्हणजे माझ्या हातात एक सकाळ आहे.

शुक्रवारी मी त्यांना आणि बापूंना चालत वर नेणार आहे. आधी टिटवीची अंडी दाखवीन. मग माझी झाडं, आणि त्यांच्याखालची रिकामी जमीन. ती झाडं सगळ्यात आधी काढा, हे लेखी देणार आहे, माझ्या सहीनं. ऐकलं नाही तर त्यांच्या वरच्यांकडे जाईन, सोलापुरात सात रस्त्यावरून एसटी बदलून जिथं जावं लागेल तिथं. एका सकाळीत जमलं नाही, तरी गप्प बसणार नाही, एवढं वचन देते. आपल्या घरातलं ते गप्प बसणं माझ्यापाशी संपलं.

नाव कुठंच लागलं नाही तरी चालेल ना, अण्णा? तुम्हाला न विचारताच मी चालेल म्हणून सांगून आलेय.

तुमची,
सुनी