बाबांची सही

३ मार्च, मंगळवार
दिल्लीच्या अभिलेखागारातून जुन्या सरकारी कागदांचे स्कॅन आले एकदाचे. सहा आठवडे लागले. अर्धी पानं वाकडी, शाई पुसट. गाईडना थीसिसचा चॅप्टर एप्रिलमध्ये हवाच आहे. म्हणे, दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने लोकांचं परकीय चलन, सोनं, शेअर्स ताब्यात घेतले, एवढंच लिही, घरगुती कहाण्या नकोत.
आणि इथे घरमालकीण सुलभाकाकू रोज विचारतात, "आमच्या बाबांचं नाव सापडलं का गं?"
त्यांच्या बाबांचे अमेरिकन शेअर्स होते, सांभाळायला धाकट्या भावाकडे. त्या भावाने ते लाटले, हे काकू जन्मापासून ऐकत आल्यात. त्या काकाचा मुलगा दत्ता इथे अमेरिकेतच, अ‍ॅशबर्नला, गाडीने चार तासांवर. तीस वर्षांत एक फोन नाही.

१० मार्च, मंगळवार
सापडलं. काकूंच्या बाबांचं नाव, गिरगावचा पत्ता. शेअर्स सरकारनेच सक्तीने घेतले, बदल्यात सरकारी दराने रुपये दिले. पावतीवर सही बाबांची. म्हणजे काकाने काहीच लाटलं नाही, पैसे बाबांनाच मिळाले, आणि आळ भावावर येऊ दिला?
कसं सांगायचं, यार.

११ मार्च
सांगितलं. काकूंनी चष्मा पुसून पावती दोनदा पाहिली.
"सही काकाने केली असेल. त्याला बाबांची सही जमायची."
"कोणी सांगितलं?"
"आईने."
चिडले मी. सहा आठवडे कागदाची वाट बघायची, आणि कागद आला की तो खोटा. वर खोलीत येऊन वाटलं, खोटा नसेलच कशावरून? मलाही सिद्ध करता येत नाही. ताडून बघायला बाबांची दुसरी सही काकूंकडे नाही.

१४ मार्च, शनिवार
घरच्या फोनवर दत्ताभाऊंच्या मुलीचा फोन, मीच उचलला. दत्ताभाऊंच्या किडन्या गेल्यात, डायलिसिस चालू आहे. "बाबा सुलूआत्याची आठवण काढतात." काकूंना निरोप दिला. त्या भाजी चिरत राहिल्या.

१५ मार्च, रविवार
सकाळी काकूंनी स्वतः नंबर मागितला. फोन लावून स्पीकरवर टाकला. तब्येत विचारली नाही.
"दत्ता, माझ्या बाबांनी तुझ्या वडलांना लिहिलेली पत्रं आहेत का तुझ्याकडे? खाली सही असलेली?"
"आहेत. पण पोस्टाने पाठवणार नाही, सुलू. येऊन बघ."
काकूंनी फोन ठेवला. दुपार झाली. चॅप्टरचं एक वाक्य पुढे सरकलेलं नाही. शनिवारी मी ड्राइव्ह करू शकते, एवढं सांगून ठेवलंय. काकू अजून हो म्हणालेल्या नाहीत, पण नाहीही म्हणालेल्या नाहीत.