मामांची तयारी, ग्रहणाआधी आणि नंतर

८ डिसेंबर २०१९, रविवार

नाताळाआधीचा, आगमनाचा दुसरा रविवार. उपदेश प्रभूच्या दुसऱ्या येण्यावर. सूर्य-चंद्रात चिन्हं दिसतील, दिव्यात तेल ठेवा, जागे राहा. आणि नेमकं २६ तारखेला सूर्यग्रहण. पाळकसाहेबांनी बजावलं, ग्रहण आणि आगमन यांची सांगड घालू नका, तो दिवस कुणालाच ठाऊक नाही. आमच्या सासरेबुवांनी, मामांनी, त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

घरी येताच फर्मान. पांढरा सदरा धुऊन इस्त्री करून ठेव.

"कशाला?"

"प्रभू आले तर काय ह्या मळक्या सदऱ्यावर जाऊ?"

पाठोपाठ दुसरं. "लसून लावून घे, उशीर व्हायलाय. मार्चात निघंल." मी म्हटलं, "मार्चात खाणार कोण? प्रभू यायलेत ना?" जरा विचार करून म्हणाले, "गयाबाई खाईल की."

शेजारची गयाबाई कुंपणापलीकडे धुणं वाळत घालत होती. "आन मला कावून ठेवून जाता, मामा? मी बी येती." मामांच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत गयाबाईचं नाव दोनदा आलं.

१२ डिसें., गुरु.

अंगणवाडीला रजा टाकली, मामांना घेऊन बीडला. डोळ्यांचे डॉक्टर. उजवा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्याने गेलेला. डाव्यातला मोतीबिंदू पिकून पार पुढे गेलाय. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही. डॉक्टर म्हणाले, महिनाभरात ऑपरेशन केलं तर आशा आहे, नाहीतर हाही जाईल. ३० तारीख दिली, त्याआधी शुगर तपासून.

मामा बाहेर येऊन शांतपणे म्हणाले, "कशाला चिरफाड? प्रभू आले की नवं डोळं देनार हायत. दोन्ही."

परत आल्यावर एस.टी.तून नेकनूरला उतरताना पायरी चुकली तर माझा खांदा असा धरला की अजून दुखतोय. इतकं घट्ट धरणाऱ्या माणसाला दिसायला नको असेल, हे मला पटत नाही.

१५ डिसें., रवि.

दानिएलचा फोन. कड्याला कारखान्यावर सीझन जोरात, आमच्या नवरोबांना रजा नाही. "बापूंना तूच समजाव, सुवार्ता, तुझं ऐकतात."

माझं ऐकतात! माझं वाचलेलं ऐकतात, एवढंच. सासूबाई दोन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून रोज दिवेलागणीला शास्त्रातला एक अध्याय मी वाचते, मामा ऐकतात. सगळं त्यांना तोंडपाठ. तरुणपणी सायकलवर गावोगाव वचन सांगत फिरलेला माणूस. घाईत एखादी ओळ गाळली की लगेच, "थांब. काय खाल्लंस मधलं?"

आज मुद्दाम दिव्यातल्या तेलाचा, दहा कुमारींचा दृष्टांत वाचला आणि त्यालाच जोडून, डोळा हा शरीराचा दिवा, तो भाग. वाचून विचारलं, "दिव्यात तेल ठेवायचं आणि दिवाच फुटका ठेवायचा, हे कसं मामा?"

खूप हसले. "लई वकिली करायलीस." हो मात्र म्हणाले नाहीत.

२० डिसें., शुक्र.

अंगणवाडीत वजनं. मुलं निम्मीच. ऊसतोडीवाल्यांची सगळी आईबापांबरोबर फडावर गेलेली.

मामांपुढे शेवटचा प्रस्ताव ठेवला. २६ ला प्रभू आले तर प्रश्नच मिटला. नाही आले तर ३० ला बीड.

"प्रभूशी सौदा करतीस व्हय?"

"प्रभूशी न्हाई, तुमच्याशी."

"बघू."

मामांचं 'बघू' म्हणजे 'नाही'ची मऊ पोळी. चिडून भांडी आपटली. मग वाईट वाटलं. चहात साखर जास्त घालून दिली, तर म्हणाले, आता गोड कशाला करतीस.

२५ डिसें., बुध. नाताळ

उपासना छान. मामांनी उभं राहून सगळी कडवी म्हटली, सूर नेहमीसारखा दोन घरं पुढे. दानिएल आला नाही, फोनवरच सलाम.

संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन गयाबाईकडे. तिच्याकडे ग्रहणाचे वेध लागायचे होते, नंतर खायचं नाही. म्हणून दारातच उभ्याने चार करंज्या संपवल्या. "तुमच्या देवाचा वाढदिवस हाय, टाकायचं कसं?" अशी माणसं शेजारी असल्यावर मामांना तिच्यासाठी दोनदा प्रार्थना करायची गरज काय, हे प्रभूच जाणे.

पांढरा सदरा खुंटीला. मामांनी तीनदा चाचपून पाहिला.

२६ डिसें., गुरु.

सगळं नीट लिहून ठेवते.

आठच्या आत मामा तयार. गावात दारं बंद, गल्लीत कुत्रं नाही. चर्चमध्ये आम्ही सहाजण. गीत झालं, प्रार्थना झाली. मग बाकीचे पाळकसाहेबांबरोबर बाहेर गेले. ग्रहणाचा एकच चष्मा, आळीपाळीने बघत होते. ढगही होतेच. मी आत मामांपाशी थांबले. ते पूर्वेच्या खिडकीशी चटईवर बसलेले, तळहात उन्हात धरून.

नऊच्या सुमारास म्हणाले, "ऊन पातळ झालं." मला अजून फरक कळला नव्हता.

मग कळला. ऊन होतं, पण धुऊन विटलेल्या कापडासारखं. तेवढ्यात ढग सरला. आमच्या चर्चच्या पत्र्याला खिळ्यांची जुनी भोकं आहेत, पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागतात. त्या प्रत्येक भोकातून उजेडाची कोर आत आली. चटईवर कोरी, भिंतीवर कोरी, मामांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आठ-दहा, एक कपाळावर. माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं.

"काय झालं? गप कावून झालीस? काय दिसायलंय?"

सांगायला तोंड उघडलं आणि एकदम संतापच आला. म्हटलं, "सांगणार न्हाई."

"आं?"

"तुमच्या अंगावर जे पडलंय ना मामा, तसं मी जन्मात पाह्यलं न्हाई. पन मी सांगणार न्हाई. पुढच्या टायमाला तुमी बघा."

"कवा हाय पुढचं?"

"जूनमधी. पेपरात आलंय. पन तवर हा डोळा राहाणार न्हाई."

मामा तळहाताकडे तोंड करून बसून राहिले. कोरी हळूहळू सरकत होत्या. मला वाटलं दुखावले. मग इतक्या खालच्या आवाजात बोलले की वाकावं लागलं.

"डोळा आल्यावर तू कशाला वाचून दावशील? म्हनशील, वाचा आता तुमचं तुमी. दिवसभर ह्या घरात मला कोन हाक मारतंय? प्रभूची वाट बघायची मला सवय हाय, पोरी. सगळी हयात तेच केलं. पर आता दुपार कलली की मी तुझी वाट बघतो."

मी रडले. राग पण आला. दोन आठवडे ह्या माणसाने प्रभूला पुढे करून मला फसवलं, आणि प्रभूलाही. म्हटलं, "असं खोटं बोलून जाणार होता वर?" तर म्हणाले, "त्यासाठीच तर आज घाबरलो व्हतो."

बाहेरून पाळकसाहेबांनी हाक मारली, या, बघा. मी गेले नाही.

आता लिहिताना डोक्यात येतंय. ग्रहणाचं मिनिट न् मिनिट पेपरात छापलेलं असतं, त्याला कसली तयारी लागते? वाट बघत बसलेल्या माणसाला आपण कधी जाऊन हाक मारू, ते कुठेच छापलेलं नसतं. मी रोज संध्याकाळी अर्धं लक्ष भाकरीत ठेवून वाचते. माझीही तयारी काही फार नाही.

२७ डिसें., शुक्र.

अंगणवाडीतून थेट घरी आले.

संध्याकाळी वाचून झाल्यावर उठले नाही, बसून राहिले. गयाबाईची म्हैस, अंगणवाडीतलं राजकारण, दानिएलचा बॉस, काय काय बोललो. मध्येच म्हटलं, "डोळा आला की तुमी वाचायचं. मी भाकरी थापत ऐकीन. एक ओळ खाल्ली तरी पकडीन."

"तुला पाठ हाय का पकडायला?"

"न्हाई."

"मंग कशी पकडशील?" आणि हसले.

२८ डिसें., शनि.

सकाळी चहा पिता पिता, जणू काही रोजचंच असल्यासारखं, "ती शुगर का काय, कवा तपासायची म्हनाली व्हतीस?"

मी सांडशीसकट बाहेर धावले आणि गयाबाईला सांगितलं. ती म्हणाली, तुमचा प्रभू आला बग.

३० डिसें., सोम. बीड

शुगर ठीक, बी.पी. थोडं वर. रांगेत म्हातारी माणसं पुष्कळ, बरीच एकटी, पोरं ऊसतोडीला. मामांनी डोळे मिटून डॉक्टरांसाठी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारचे फेटेवाले आजोबा म्हणाले, "माझ्यासाठी बी म्हना की दोन सबूद." मग पुढच्या बाई. मग अख्खी रांग. आत न्यायला आलेली सिस्टरही आमेन होईपर्यंत थांबली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "फार उशीर केलात. आतला पडदा किती शाबूत आहे ते पट्टी काढल्यावरच कळेल." हमी नाही. मी मामांना जसंच्या तसं सांगितलं. आता आमच्यात खोटं नको.

"बरं," म्हणाले. त्यांचा हात धरून बसले.

३१ डिसें., मंगळ. सकाळ, दवाखान्यातला बाक

पट्ट्या काढताहेत. एकेकाला आत घेतात. मामा यादीत सातवे. फेटेवाले आजोबा दुसरे होते, बाहेर येऊन छताचा पंखा बघत उभे राहिले, हलेचनात. चौथ्या बाईंना काही फरक नाही. मुकाट भिंतीशी जाऊन बसल्या.

मामांनी कंगवा मागितला. केस विंचरून दिले. चेष्टेने विचारलं, "डॉक्टरपुढं येवढं नटायचं व्हय?"

हसले नाहीत.

"तू लगीन होऊन आलीस तवा सासऱ्यानं सुनंच्या तोंडाकडं बघू न्हाई, म्हनून मी खाली बघायचो. तू बी पदर पुढं घ्यायचीस. मंग तुझी सासू गेली, आन डोळाबी गेला. सात वरसं तुझ्या हातचं खाल्लं, सुवार्ता. तुझं तोंड कसं हाय, मला ठावं न्हाई."

मी वही काढली. लिहिते आहे.

सहावा माणूस आत गेलाय. पुढचं नाव आमचं. मी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आहे.