फोटोतल्या बाईस चाचणीला बसू देणेबाबत

दि. ४ ऑगस्ट

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
ओतकाम कारखाना, मुख्य कार्यालय

विषय : क्रेनचालक पदाच्या चाचणीस बसू देणेबाबत, तसे न जमल्यास फाटकावरील माझा फोटो उतरवणेबाबत.
संदर्भ : १) 'महिलांना समान संधी' ही आपली सूचना. २) मला अपात्र ठरवणारे आपले १ ऑगस्टचे पत्र.

महोदय,

मी आपल्या कारखान्यात अकरा वर्षे क्रेनच्या हुकाला साखळी बांधते. हा अर्ज तीन प्रतींत आहे : एक आपणांस, एक माझ्याजवळ, एक जाऊबाईंच्या कपाटात. पहिले दोन अर्ज आपल्या कारकुनांच्या टेबलावरून उडून गेले. दोन्ही वेळा खिडकी उघडी होती म्हणे. बाकीचे कागद मात्र जागचे हलले नाहीत. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो, तरी राग नसावा.

१. क्रेनचालक पदासाठी महिलांनीही अर्ज करावेत, अशी सूचना मार्चमध्ये लागली. आनंद व्हायला हवा होता, मला शंका आली. अर्जाची पेटी पुरुषांच्या कपडे बदलण्याच्या खोलीत टांगलेली निघाली. मी दारातून हाक मारताच आतून "थांबा, थांबा!" असा आरडाओरडा झाला. म्हणून अर्ज कारकुनांच्या टेबलावर ठेवावा लागला. पुढचे वर आलेच आहे.

२. एप्रिलमध्ये सूचनेसाठी फोटो काढायला माणूस आला. त्या दिवशी क्रेनचालक काकांची कंबर धरली होती. "पोरी, तूच चढ गं," असे ते म्हणाले. गेली सहा वर्षे कंबर धरली की ते हेच म्हणतात, आणि फोरमनसाहेबांना ते ठाऊक आहे. मी साचा उचलत असतानाच फोटो निघाला. खाली उतरताच फोरमनसाहेब म्हणाले, "ताई, हेल्मेट द्या परत, मोठ्या साहेबांचं आहे ते." फोटो मात्र फाटकावर दारभर मोठा लागला आहे.

३. तिसरा अर्ज मी हातोहात दिला. त्यावर आता आपले पत्र म्हणते की केबिनमधील कामाचा मला अनुभव नाही, नोंदवहीत माझे नाव नाही. बरोबर आहे, नोंदवहीत रोज काकांचेच नाव लिहिले जाते. फोटोचे काय, असे विचारल्यावर फोरमनसाहेब म्हणाले, "तो नुसता बसवून काढलाय." इथे कुठेतरी पाणी मुरते आहे, असे मला वाटते.

चाचणी गुरुवारी आहे. या पदाची वयोमर्यादा पंचेचाळीस आहे आणि एकवीस तारखेला मला पंचेचाळीस पूर्ण होतील, म्हणजे ही शेवटचीच संधी. मला ती केबिन हवी आहे. ते काम मला येते आणि मनापासून आवडते. अकरा वर्षांत हे कोणी विचारले नाही, म्हणून लिहून देते.

सोबतचा फोटो कृपया भिंगातून पाहावा. साचा जमिनीपासून पुरुषभर वर आहे, साखळ्या ताठ आहेत. डाव्या कोपऱ्यात काका कंबरेवर हात ठेवून वर बघत उभे आहेत. कारखान्यात क्रेन एकच, केबिनमध्ये खुर्ची एकच, आणि तिच्यावर मी. मग त्या दिवशी साचा कोणी उचलला, एवढेच लेखी कळवावे.

उत्तराची वाट पाहणारी व आपल्या खिडकीवर लक्ष ठेवून असलेली,

(सही)
साखळी बांधणारी, ओतकाम विभाग

सोबत :
१) फाटकावरील फोटोची प्रत.
२) आपल्या पत्राची प्रत.
३) लोखंडाचा एक तुकडा, अर्जावर ठेवण्यासाठी. काम झाल्यावर परत मिळावा.