पाहिलं तेवढंच

१२ फेब्रुवारी, बुधवार
शाळेतून, दुपारी

प्रिय ताई,

नमस्कार. आई बरी आहे. सकाळी नीट जेवली, तुझी चौकशी केली आणि माझ्या पांढऱ्या केसांवरून मला चार शब्द ऐकवले, म्हणजे तब्येत उत्तम आहे. भाऊजींचं तिला काही सांगितलेलं नाही.

फोनवर तू ‘हो’ आणि ‘बरं’च्या पुढे जात नाहीस आणि हॉस्पिटलात त्यांच्या खाटेशेजारी बसून तुला दुसरं काही बोलताही येणार नाही. म्हणून हे पत्र चिमणीच्या हाती पाठवतेय. चिमणी म्हणजे आमची सगळ्यात नवी शिक्षिका. भाषा शिकवते. आवाज एवढासा, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलंय. तिला बाहेरच्या बाकावर बसव, पाणी दे. ती घाबरलेली दिसेल, पण तुला घाबरलेली नाही, मला घाबरलेली आहे. का ते खाली येईलच.

आमच्या नव्या पद्धतीचं तुला मागे सांगितलं होतं. तुला हसूही आलं होतं. मी मोठ्या बाई झाले तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत जो तो आपापल्या कपाटाला कुलूप लावून बसायचा. खडूसुद्धा कुलपात! कोणी कुणाच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही, कुणाचं काय बिनसलंय ते विचारायचं नाही. मग मी ठरवलं की वर्गांची दारं उघडी ठेवायची, एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं आणि नंतर सगळ्यांनी टेबलाभोवती जमायचं. बैठक मी चालवायची नाही, दर महिन्याला एकेकाची पाळी. नियम दोनच. तास संपेपर्यंत पाहुण्याने तोंड उघडायचं नाही. आणि बैठकीत फक्त पाहिलेलं सांगायचं. ‘तुम्ही वाईट शिकवता’ असं नाही, ‘मागची मुलं खिडकीबाहेर बघत होती’ असं. मत नंतर, पाहिलेलं आधी.

पहिल्या बैठकांना सगळे रुसलेल्या वऱ्हाडासारखे बसले होते. मग हळूहळू कुलपं निघाली. व्यायामाच्या शिट्टी सरांनी चक्क गणिताचा खेळ मैदानावर घेतला. चहा एका किटलीत होऊ लागला. मला वाटायचं, जमलं बाई आपल्याला.

एकच दार बंद राहिलं होतं, तुझ्या नवऱ्याचं. त्यांच्या गणिताचा निकाल सगळ्यात चांगला, वर माझे भाऊजी, म्हणून बाकीचे गप्प आणि मीही गप्प. या महिन्यात पाळी चिमणीची आली. तिने फळ्यावर पाहुण्यांची नावं मांडली आणि सरळ त्यांच्या वर्गापुढे चित्रकलेच्या सरांचं नाव टाकलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “पाळी तिची आहे, तिने ठरवलं ते ठरलं.” भाऊजी हसले. “या की,” म्हणाले, “वर्ग कसा चालवतात ते बघा एकदा.”

तुला हॉस्पिटलात सांगितलं गेलं की दोन शिक्षकांची बाचाबाची झाली, मध्ये बाक कलंडला आणि तो भाऊजींच्या तोंडावर आला. बाक कुणाच्याच तोंडावर आला नाही, ताई.

चित्रकलेचे सर मागे बसले होते. त्यांना आम्ही रंगारी म्हणतो. सडपातळ माणूस, मुंगीला वळसा घालून जाणारा. एका मुलीचं उत्तर चुकलं. भाऊजींनी तिला फळ्याजवळ बोलावलं, हात टेबलावर ठेवायला लावला आणि वर्तुळ काढायच्या त्या मोठ्या लाकडी कंपासाने बोटांच्या पेरांवर मारलं. मारताना ते मुलीकडे नाही, रंगारीकडे बघत होते. परत मारलं. मुलगी खाली बसली तर तिला केसांना धरून उभी केली. तेव्हा रंगारीने आमचा पहिला नियम मोडला. तो उठला आणि मुलीच्या पुढे जाऊन उभा राहिला. “सर, बास,” एवढंच म्हणाला.

भाऊजींनी आधी दाराला आतून कडी घातली. मग रंगारीची मान धरून त्याचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं.

इथपर्यंतचं मुलांनी सांगितलेलं, मी व्हरांड्यात होते. आधी आवाज ऐकला आणि पाठोपाठ सगळ्या वर्गाची किंकाळी. तसा आवाज शाळेत कधी ऐकला नव्हता. मी दार बडवलं. शेजारच्या वर्गांतून सगळे धावले. व्हरांड्यात एक जुना बाक पडला होता, तो शिट्टी सरांनी, विज्ञानाच्या बाईंनी, मी आणि चिमणीने उचलला आणि दारावर घातला. कडी सुटेना. आतून लाकडाचे ठोके ऐकू येत होते आणि ओरडत होती ती मुलं, रंगारीचा आवाज येत नव्हता. आम्ही एकत्र काम करायला शिकलो म्हणायचं ते याच दिवसासाठी, असा भलताच विचार माझ्या मनात आला. मग दार निखळलं.

मुलं बाकांखाली शिरली होती. रंगारी जमिनीवर, तोंडाचा नुसता लगदा, आणि भाऊजी त्याच्या छातीवर गुडघा देऊन कंपासाच्या लोखंडी टोकाने त्याच्या खांद्यात भोसकत होते. रक्त फळ्यापर्यंत उडालं होतं. शिट्टी सरांनी मागून कवेत धरलं तर त्यांना कोपराने उडवलं. घंटा वाजवायचा लाकडी हातोडा माझ्या हातात होता. तो मी कधी घेतला ते मला आठवत नाही. मी त्यांच्या डोक्यावर हाणला. ते बाजूला कोसळले, कंपास हातातून सुटला. रंगारी वाचला.

हे एवढं मी पोलिसांना सहज सांगू शकते. तुलाही एवढंच सांगून खाली सही करणार होते.

शिट्टी सरांनी त्याच संध्याकाळी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. कपड्यांवरचे डाग तसेच होते. “बाईंनी एकदाच मारलं, तेही त्याला थांबवायला. सगळ्यांचं एकच उत्तर हवं,” ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला रडू आलं, ताई. ही माणसं एके काळी एकमेकांना खडू देत नव्हती आणि आता माझ्यासाठी एका शब्दावर यायला निघाली होती.

“बैठक माझी आहे,” चिमणी म्हणाली. तिचा आवाज इतका कापत होता की आधी कोणी ऐकलंच नाही. “प्रत्येकाने पाहिलं तेवढंच सांगायचं.”

मग ती एकेकाकडे वळत गेली. शिट्टी सर म्हणाले, एक. विज्ञानाच्या बाई टेबलाकडे बघत म्हणाल्या, एक. शेवटी ती स्वतः म्हणाली, “मी दोन पाहिले.”

शिट्टी सरांनी कप भिंतीवर फोडला. “बाईंना तुरुंगात घालतेस? तुला नोकरी त्यांनी दिली!” तिचं रडणं थांबेना, पण ती शब्द फिरवेना. “दोनच,” म्हणत राहिली. सगळे तिच्यावर तुटून पडणार होते. मी म्हटलं, “दोनच होते.”

आता तो दुसरा.

भाऊजी पडले होते. उताणे. हातात काही नव्हतं. शिट्टी सर त्यांच्या पायांवर बसले होते. सगळं संपलं होतं. भाऊजींनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हसून म्हणाले, “एवढी का थरथरतेस? तुझ्या ताईला विचार. ती तर आता ओरडतही नाही.”

मी त्यांच्या तोंडावर हातोडा मारला. सगळी ताकद लावून मारला. जबडा तुटल्याचं मला हातात कळलं. तो मारताना मला बरं वाटलं, हेही सांगते. तिसरा मारला असता, चिमणीने मनगट धरलं म्हणून राहिला. तिची नखं अजून उमटलेली आहेत.

म्हणून त्यांचं तोंड बांधलेलं आहे. म्हणून त्यांनी अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.

हे मी तुझ्यासाठी केलं असं म्हणणार नाही. तू मला सांगितलं नव्हतंस. तुझा हात प्लास्टरमध्ये होता तेव्हा तू जिना म्हणालीस. भुवई फाटली तेव्हा कपाटाचं दार. तुझ्या घरातला जिना केवढा आणि त्याला कठडा कसा, हे मला ठाऊक आहे. तरी मी “जपून चालत जा गं” म्हटलं आणि चहा प्यायले.

उद्या सकाळी पोलीस शाळेत येतायत. मी दोन सांगणार आहे. नोकरी जाईल, तुरुंगही होईल, वकील म्हणतात दुसऱ्या घावासाठी मला काहीच सबब नाही. शिट्टी सर माझ्याशी बोलत नाहीत. चिमणीला मी जवळ घेतलं तर ती लाकडासारखी उभी राहिली.

माझ्यानंतर पोलीस तुझ्याकडे येतील. तुला विचारतील, भाऊजी घरी कसे वागायचे. ते शेजारीच पडलेले असतील, बोलता येत नसलं तरी तुझ्याकडे बघत असतील. माझी शिक्षा कमी व्हावी म्हणून काही बोलू नकोस. त्यांची वाढावी म्हणूनही नको. ते वाईट आहेत, तू दुबळी आहेस, हे सगळं मत झालं, ते राहू दे. जिना नाही, कपाट नाही. पाहिलं तेवढंच सांग. आठवड्याभरात त्यांना घरी सोडणार आहेत, आणि तुम्ही दोघं एका दाराच्या आत गेलात की कडी आतून लागते. या वेळी दार फोडायला मी बाहेर नसेन.

आईच्या खोलीत तुझी खाट टाकली आहे. घराची किल्ली चिमणीकडे आहे. ती बाहेरच्या बाकावर थांबेल, तुला वेळ लागला तरी थांबेल. मी तिला सांगितलेलं नाही, तिनेच ठरवलंय.

दोन्ही घाव माझेच म्हणणारी,
तुझी धाकटी